देहाची साक्ष

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे अनुभवाची मोठी पक्षपाती असतो. कविता असो वा आत्मचरित्र, ‘हे लेखकाने भोगले आहे का?’ हा प्रश्न वर्गात हटकून निघतो. भोगलेले ते खरे, असा जणू अलिखित करारच असतो. या कराराला छेद देणारी एक जागा आहे: ढगात शिरलेले छोटे विमान.

जमीन आणि क्षितिज डोळ्यांनी पाहत विमान चालवणे ही उड्डाणाची एक रीतसर पद्धत आहे. मात्र त्यासाठी बाहेरचे दिसले पाहिजे. वैमानिक तसाच ढगात शिरला की क्षितिज नाहीसे होते आणि देह आतल्या कानाच्या भरवशावर राहतो. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव वळण्याची जाणीव देतो. परंतु वळण संथ, एकसारखे राहिले की तो द्रवही नलिकांच्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव मावळते. विमान एका अंगाला कललेले असते. देह शपथेवर सांगतो, आपण सरळ चाललो आहोत. सरळ करावे तर उलट वळल्याचा भास होतो, म्हणून वैमानिक पुन्हा मूळ वळणात जातो. उंची घटते, वेग वाढतो. नाक वर ओढावे तर गिरकी अधिकच आवळते.

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांवर याचा प्रयोग झाला. बाहेरचे दिसेनासे होताच सर्वांचाच ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

अनुभवी माणूसही यातून सुटत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचे हेलिकॉप्टर ढगात शिरून कोसळले. नऊ जण गेले. आपण ४,००० फुटांकडे चढत आहोत, असे वैमानिक नियंत्रकाला सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर खाली चालले होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे जाणवले ते त्याने प्रामाणिकपणे सांगितले. प्रवास तडीस नेण्याचे त्याने स्वतःवरच घेतलेले दडपणही चौकशीत नोंदले गेले.

हे दडपण आम्हांला परके नाही. आमचा एक माजी विद्यार्थी कर्ज काढून विमान चालवायला शिकतो आहे. पुढे दाटलेले ढग पाहून एकदा तो अर्ध्या वाटेवरून परतला. ‘सर, परतताना लाज वाटत होती,’ तो फोनवर म्हणाला. आम्हांला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला. ती लाज थोडी अधिक वाटली असती तर?

इलिनॉयच्या त्या प्रयोगाचा उत्तरार्ध म्हणूनच आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्या २० जणांना पुढे एकच गोष्ट शिकवली गेली: उपकरणांवर नजर ठेवून हळूहळू १८० अंश वळायचे आणि आलो तिकडे परत जायचे. शिकल्यावर बहुतेकांना ते साधले.

अनुभवावरचा आमचा विश्वास यामुळे उडालेला नाही. प्रामाणिकपणा आणि सत्य यांत अंतर असू शकते, एवढेच इथे ठळक होते. ‘हे भोगले आहे का?’ या प्रश्नाशेजारी आता आम्ही वर्गात आणखी एक प्रश्न ठेवतो: ‘हे कशाशी पडताळून पाहिले?’ विद्यार्थ्यांना तो रूक्ष वाटतो. वाटो बापडा.