शरणपूर : नकाशावरची परतणारी रेषा

१/ नाशिकचा शरणपूर रोड सर्वपरिचित आहे. त्या नावामागची वस्ती मात्र विस्मृतीत गेली. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली ती वसवली. हिंदी महासागरातील गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले पुढे येथे आली.

२/ त्यांचा प्रवास नकाशावर रेखाटला, तर रेषा पूर्व आफ्रिकेहून मुंबईला आणि तेथून गोदाकाठी येते. येथे मुले सुतारकाम, लोहारकाम शिकली.

३/ मग रेषा मागे वळते. १८६६ साली नऊ तरुण लिव्हिंगस्टनसोबत आफ्रिकेत उतरले. १८७३ मध्ये तो वारला, तेव्हा नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचे नाव कोरले. १८७४ साली तो शवासोबत लंडनपर्यंत गेला.

४/ १८७५ च्या सुमारास अनेकजण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाऊनमध्ये वसले. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

५/ नाशकात ते आफ्रिकी ठरले, आफ्रिकेत मुंबईचे. रेषेला आरंभ आणि शेवट दाखवता येतो. पण शिरगणतीतल्या जन्मस्थानाच्या रकान्यात, बालपणीच घरापासून तोडलेल्या माणसाने काय लिहावे?