आजोळचा कोड

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री जेवताना आई एकदम म्हणाली, "दादाला झालं ते माझ्यातही असेल का रे? आणि मग तुझ्यात?"

दादा म्हणजे माझा मोठा मामा. यकृताचा कॅन्सर निघाला आणि सात महिन्यांत गेला. तेराव्याला एक काकू म्हणाल्या होत्या, "हे आईच्या बाजूनं येतं बरं का." त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी लेख पाठवला: यकृताच्या कॅन्सरमध्ये मायटोकाँड्रियाचा डीएनए बिघडलेला असतो, आणि मायटोकाँड्रिया आपल्याला फक्त आईकडून मिळतात. झालं! आईने दोन अधिक दोन केले.

मी म्हटलं, बघतो. आम्ही आयटीवाले, दुसरं काय करणार? शनिवारी सकाळी चहा घेऊन गूगलबाबासमोर बसलो.

मायटोकाँड्रिया म्हणजे बारावीत घोकलेलं 'पेशीचं पॉवरहाऊस'. त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला तर जेमतेम १६ केबी! पण एकेका पेशीत त्याच्या शेकड्यांनी, कधी हजारांनी कॉपी असतात. आजीची ही फाइल मोठ्या मामाकडे होती, आईकडे आहे, माझ्याकडे आहे. म्हणजे आईची भीती अगदीच खुळी नव्हती.

१९९८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १० पेशीवंशांत हा डीएनए वाचला. त्यातल्या ७ मध्ये बदल सापडले. २००० साली मूत्राशय, फुप्फुस आणि डोकं-मान इथल्या गाठींतही सापडले. यकृताच्या गाठींत दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक, शेजारच्या निरोगी यकृताच्या मानाने या डीएनएच्या कॉपी बऱ्याचदा कमी झालेल्या असतात. दुसरी, 'डी-लूप' नावाच्या भागात, जिथून कॉपी काढायची सूत्रं हलतात तिथे, 'सी' हे अक्षर ओळीने अनेकदा येतं आणि कॉपी काढताना मोजणी चुकते. एक सी जास्त, नाहीतर एक कमी. आमच्याकडे याला ऑफ-बाय-वन म्हणतात आणि त्यापायी रात्र-रात्र जागतात.

पण बदल म्हणजे कशाच्या तुलनेत? खरी मेख इथे आहे. सगळे जण ज्या प्रमाण प्रतीशी ताडून बघतात, ती केंब्रिजमध्ये १९८१ साली तयार झाली. १९९९ मध्ये ती पुन्हा तपासली तर तिच्यातच चुका निघाल्या! शिवाय तुमची-माझी फाइल तिच्यापेक्षा थोडी वेगळी असणारच, त्यात आजार काही नाही. २००५ मध्ये काही संशोधकांनी कॅन्सरवरचे जुने निबंध तपासले, तेव्हा त्यातले काही 'बदल' म्हणजे चक्क नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ निघाली. दुसऱ्याच माणसाच्या फाइलशी डिफ काढला होता राव!

म्हणून योग्य तुलना एकच: त्याच माणसाची गाठ आणि त्याच माणसाचं रक्त किंवा निरोगी ऊती. आजीने दिलेलं दोन्हीकडे सारखंच असतं. जे फक्त गाठीत आहे, ते नंतर घडलेलं. २०१४ मध्ये १,६७५ गाठी अशा पद्धतीने तपासल्या गेल्या. बदलांचा ठसा बहुतांशी कॉपी काढतानाच्या चुकांचा होता, सिगारेटचा किंवा उन्हाचा नव्हे. आणि त्यातले बरेचसे बदल बस चालवणारे नव्हतेच, नुसते बसलेले प्रवासी.

थोडक्यात, लेखात म्हटलेला बिघाड आजीच्या फाइलमधून आलेला नव्हता. खूश होऊन आईला सांगायला उठलो. मग वाटलं, मामाला तरी मग कशाने झालं?

कपाटातून मामाच्या रिपोर्टांची पिशवी काढली. सात महिने ती मीच काखोटीला मारून हिंडलो होतो, पण वाचली कधीच नव्हती. तिसऱ्याच कागदावर होतं: हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह.

हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकतो. तान्हेपणी लागण झाली तर दहातल्या नऊ जणांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. काही त्रास न देता. आणि तीस-चाळीस वर्षांनी सिरॉसिस, नाहीतर कॅन्सर. आजी जाऊन बारा वर्षं झाली, तिला होता की नाही ते आता कळणार नाही. पण काकूंचं म्हणणं कदाचित बरोबर होतं. फक्त कोड चुकीचा धरला होता. मी १६ हजार अक्षरं धुंडाळत बसलो आणि उत्तर पिशवीत पडून होतं.

सोमवारी आई, ताई आणि मी रक्त देऊन आलो. धाकट्या मामाला फोन केला तर म्हणाला, "अरे, मला काय धाड भरलीय?" आईने फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, "दादा पण असंच म्हणायचा." दुसऱ्या दिवशी गेला बिचारा.

आम्ही तिघं निगेटिव्ह. लस सुरू केली. धाकटा मामा पॉझिटिव्ह. पण यकृत अजून चांगलं आहे. आता डॉक्टर, तपासण्या आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. परवा पहिली झाली. गाठ नाही.

रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो. या वेळी जिन्यातच उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.