टिळक गेल्यानंतरचे टिळक

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 9 मे 1919 ला मुंबईत वारले. वयाची साठीही आली नव्हती. शरीर दुखण्याने खचले होते, मन मात्र साताऱ्यात होते. दोन वर्षांपूर्वी मिशनची नोकरी सोडून त्यांनी तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही ख्रिस्ताच्या पायाशी एकत्र बसावे, एवढीच त्यामागची ओढ. तो दरबार अर्ध्यावर राहिला. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबले. मागे राहिली पत्नी लक्ष्मीबाई, मुलगा देवदत्त, पदरात घेतलेली मुलगी तारा, आणि जमाखर्च कधीच न जुळलेला एक संसार.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. अकरा-बाराव्या वर्षी लग्न झाले आणि सासरी लक्ष्मीबाई झाल्या. ज्या घरात त्या वाढल्या, त्या घरच्या रीतीप्रमाणे नवरा गेल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले असते ते सांगायला नको. केशवपन, लाल आलवण, मंगलकार्यात सावलीही पडू न देण्याची खबरदारी. यातले काहीच त्यांना सोसावे लागले नाही. दुःख तेवढे होते. त्या दुःखाचे त्यांनी जे केले, त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले एक थोर पुस्तक उभे राहिले.

‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला पहिल्यांदा आठवते ते हसू. सोवळ्याचे वेड लागलेले वडील, बाजारातून आलेला जिन्नसन्जिन्नस धुऊन घेणारे. नवरा एकाएकी घरातून निघून जाणारा, हाती पैसा आला की दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळा होणारा. पुस्तकाची कीर्ती या विनोदावर उभी आहे, बाईच्या निर्भीडपणावर उभी आहे, आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. हे पुस्तक मुळात शोकातून आलेले आहे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईकडून आठवणी मागितल्या. आई सांगत, लिहीत गेली. देवदत्तांच्याच ‘संजीवनी’ नियतकालिकात ते लेखन क्रमशः येऊ लागले आणि 1934 पासून चार भागांत पुस्तकरूपाने निघाले. म्हणजे गेलेल्या माणसाविषयी घरच्यांनी आपसात काढलेल्या या आठवणी. प्रत्येक पानावर टिळक आहेत, आणि एकाही पानावर त्यांना देव्हाऱ्यात बसवलेले नाही.

आपल्याकडे गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असे मानतात. त्यात माया असते. पण त्या मायेपोटी माणूस हळूहळू पुसट होत जातो. त्याचा राग जातो, त्याचे हट्ट जातात, त्याने दिलेला त्रास जातो; उरतो भिंतीवर हार घातलेला फोटो. लक्ष्मीबाईंनी हे होऊ दिले नाही. टिळकांचा संताप त्यांनी लिहिला, आपण काढलेली भांडणे लिहिली, घरात दाणा नसताना पाहुण्यांना घेऊन येणारा नवरा लिहिला. त्याच ओघात प्लेगच्या दिवसांत रुग्णांसाठी झटणारे टिळकही लिहिले. एक टिळक झाकून दुसरे दाखवले नाहीत.

एवढे धैर्य कुठून आले? स्वभाव होताच. पण स्वभावाने सगळे उलगडत नाही. याचे खरे उत्तर त्यांच्या श्रद्धेत आहे, आणि त्यासाठी 1919 च्या मागे, 1895 पर्यंत जावे लागते.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात टिळक दोनदा गेले.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा रंगल्या. त्याने बायबलची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून टाकले. टिळक वाचत गेले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले ते कायमचेच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी बाटलेल्या माणसाचे जिवंतपणी घटश्राद्ध घालीत. नात्यागोत्याच्या लेखी तो मेलेलाच. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू, म्हणजे देवदत्त, होता. कपाळाला कुंकू होते आणि नवरा नव्हता. सधवांत बसता येईना, विधवांत बसवता येईना. पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने, त्यांनी ते दिवस काढले. जिवंत माणसाचे सुतक फिटत नाही, कारण ते धरायलाच कुणी सांगितलेले नसते. ‘स्मृतिचित्रे’तला सर्वांत काळा भाग हाच आहे. टिळकांच्या मृत्यूची पानेही इतकी काळी नाहीत.

सुमारे पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या. सोवळे-ओवळे सांभाळत, स्वतःची चूल वेगळी ठेवून. जातिभेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न एकदा त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचे खायचे ठरवून टाकले. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. नवऱ्याचा धर्म म्हणून नव्हे, आपला आपण पारखून घेतलेला धर्म म्हणून ख्रिस्त त्यांच्या घरात आला.

म्हणून 1919 मधले जाणे वेगळे होते. या वेळी त्यांच्याजवळ पुनरुत्थानाची आशा होती. संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले आहे की निजलेल्यांविषयी शोक करा, पण आशा नसलेल्यांसारखा करू नका. शोकच करू नका, असे त्याने म्हटलेले नाही. बेथानी गावात लाजराच्या कबरीपाशी खुद्द येशू रडला, आणि तेही लाजराला उठवायला निघालेला असताना. ख्रिस्ती माणसाला रडण्याची परवानगी तिथून मिळते. काही मंडळ्यांत अलीकडे विश्वासूने अश्रू ढाळू नयेत, असा सूर लागतो. तो ऐकताना बेथानीचा हा प्रसंग विसरला जातो, याचे वाईट वाटते.

आणि ज्याला भेट पुन्हा होणार याची खात्री आहे, तो माणूस गेलेल्याला सजवत बसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांविषयी लिहितात ते, ज्याला उद्या समोरासमोर उत्तर द्यायचे आहे त्याच्याविषयी लिहावे तसे. खोटी स्तुती त्या भेटीत टिकणार नाही. त्यांच्या विनोदाच्या तळाशी हा विश्वास आहे. तो काढून घेतला तर ‘स्मृतिचित्रे’ नुसती खुसखुशीत राहील, इतकी मोठी राहणार नाही.

हे मोठेपण दुसऱ्या एका पुस्तकाशेजारी ठेवले की अधिक कळते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1901 मध्ये गेले आणि 1910 मध्ये रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाल्या. तेही पत्नीने पतीला वाहिलेले स्मरण, आणि मनापासून सुंदर. पण रमाबाई खालच्या पायरीवर बसून वर पाहतात. लक्ष्मीबाई शेजारी बसतात, कधी पाठ फिरवूनही बसतात. दोघींचे प्रेम सारखेच खरे. टिळक मात्र जास्त दिसतात.

टिळकांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन वर्षांनी, पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणखी एक ख्रिस्ती स्त्री आपल्या माणसाला निरोप देत होती. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा 24 जुलै 1921 ला हृदयविकाराने गेली. वय 40. रमाबाईंचे आयुष्य मृत्यूंच्या रांगेतूनच चालत आले होते. आईवडील दुष्काळात गेले. भाऊ श्रीनिवास गेला. पती बिपिनबिहारी मेधावी 1882 मध्ये पटकीने गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. बाकी कुणी उरले नव्हते. ती एक होती. तिलाच त्यांनी शिकवले आणि आपण काढलेल्या शारदा सदन या शाळेचा भार तिच्यावर टाकला. आपल्यामागे मुक्तीचे काम तीच बघेल असे सगळे धरून चालले होते.

रमाबाईंनी या दुःखावर पुस्तक लिहिले नाही. त्या आपल्या बायबलच्या भाषांतराकडे वळल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे चालवले होते. मुक्तीतल्या मुलीबायकाच खिळे जुळवीत, छपाई करीत. मनोरमा गेल्यावर त्या कामाला जणू मुदत लागली. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मागितल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. मुलीच्या मागे नऊ महिनेही नाहीत. संपूर्ण बायबल छापून निघाले ते 1924 मध्ये.

एकीने आठवणी सांगितल्या, दुसरीने शब्द तपासले. दोघींना हातातले काम हाच आधार वाटला, आणि लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर ते काम गेलेल्या माणसाचेच होते. ‘ख्रिस्तायन’चा अर्धा राहिलेला अकरावा अध्याय समोर होता. लिहायचे कुणी? ज्या बाईला अक्षरओळख टिळकांनी करून दिली आणि जोडाक्षरांनी जन्मभर छळले, त्या बाईने महाकाव्य पुढे चालवायला घेतले. तिने ओव्यांत ख्रिस्तचरित्राचे 64 अध्याय रचले. नवऱ्याने जितके लिहिले त्याच्या सहापट. साहित्याच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. खरे तर इथे थांबायला हवे. रोज कागद पुढे ओढायचा, टिळक इथे काय म्हणाले असते याचा विचार करायचा आणि मग आपल्याला जे म्हणायचे तेच लिहायचे, हे शोकाचे किती कष्टाचे रूप आहे! ‘स्मृतिचित्रे’त त्या टिळकांशी भांडल्या, ‘ख्रिस्तायन’मध्ये त्यांनी त्यांच्याशी जुळवून घेतले. स्मरणाला या दोन्ही गोष्टी लागतात.

टिळकांचे शब्दही घरापुरते राहिले नाहीत. त्यांची भजने ‘उपासना संगीता’त आहेत आणि नगरपासून मुंबईपर्यंतच्या मराठी मंडळ्या ती गातात. दुखण्याने गेलेल्या कुणा आजीच्या, कुणा तरुण बापाच्या घरी संध्याकाळी प्रार्थनेला माणसे जमतात. पेटी काढली जाते, शुभवर्तमानातला उतारा वाचला जातो. सुरुवातीला आवाज फुटत नाही. मग एखादी मावशी सुरू करते आणि बाकीचे मागोमाग धरतात. गाणाऱ्यांतल्या कित्येकांना हे भजन कुणाचे हे ठाऊकही नसते. अभंगाची चाल आणि ख्रिस्ताचे नाव त्यांच्यासाठी एकत्रच वाढलेले असते. विठ्ठलाच्या मुलखात ख्रिस्तापुढे मराठीत रडता, गाता आले पाहिजे असा टिळकांचा ध्यास होता. तो सर्वांत पुरा होतो तो अशा घरी.

लक्ष्मीबाई 24 फेब्रुवारी 1936 ला गेल्या. ‘ख्रिस्तायन’चा शेवटचा, 76 वा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि 1938 मध्ये बाप, आई आणि मुलगा अशा तिघांच्या हातचा तो ग्रंथ छापून आला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची संपादित आवृत्ती सिद्ध केली. आजीच्या मजकुराला त्यांनी टिपा जोडल्या, माणसांची नाती लावली, प्रसंगांचे संदर्भ शोधले. आजोबांवरचे आजीचे आक्षेप तसेच ठेवले.