दावा कुणावर लावायचा?

यू.ए.ई.मध्ये गाडी घेणं सोपं. कर्ज फिटायच्या आधी ती विकणं मात्र वेगळीच परीक्षा! गेल्या वर्षी आम्ही ती दिली. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांवर ही वेळ येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या गाडीवर ४१,००० दिरहम कर्ज बाकी होतं. नवी गाडी घेताना जुनी त्याच शोरूमला दिली. करारात स्पष्ट लिहिलं होतं, की सात कामकाजाच्या दिवसांत शोरूमने बँकेचं कर्ज फेडायचं. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा इथे बँकेचा बोजा गाडीच्या नोंदणीवर असतो आणि तो उतरल्याशिवाय मालकी बदलत नाही. दोन महिने झाले तरी बोजा तसाच. १,८५० दिरहमचे दोन हप्ते माझ्या पगाराच्या खात्यातून गेले. गाडी शोरूमची मंडळी फिरवत होती आणि दंडाचे मेसेज मात्र माझ्या मोबाईलवर! शोरूम म्हणे, "चेक पाठवलाय, बँकेला विचारा." बँक म्हणे, "आमच्याकडे काहीच आलेलं नाही."

मित्रांमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, "बँक मोठी पार्टी, तिलाच कोर्टात खेच." दुसरा म्हणे, "हप्ते थांबव, आपोआप धावत येतील." सौ.चा सवाल सरळ होता, "अहो, भांडायचं कुणाशी ते तरी आधी ठरवा!"

उत्तर मिळालं ठाण्याहून, सासऱ्यांकडून. त्यांची सगळी हयात दिवाणी वकिलीत गेली. फोनवर म्हणाले, "जावईबापू, जमना दास विरुद्ध राम अवतार पांडे वाचा. १९११ सालचा खटला आहे." त्यात ४०,००० रुपयांना गहाण असलेली जमीनदारी ४४,००० ला विकली गेली. त्यातले ४०,००० गहाण फेडण्यासाठी म्हणून खरेदीदाराकडेच ठेवले होते. त्याने गहाण सोडवलं नाही, तेव्हा सावकाराने त्याच्यावर दावा लावला. प्रिव्ही कौन्सिलने तो मानला नाही. खरेदीदाराचं वचन विकणाऱ्याला होतं, सावकाराला नव्हतं!

इथला कायदा वेगळा, पण विचाराची रीत उपयोगी पडली. कागद दोन होते. कर्जाचा करार बँक आणि मी यांच्यातला. फेडण्याचं वचन शोरूमने मला दिलेलं. म्हणजे शोरूम चुकलं तरी बँक हप्ता माझ्याकडेच मागणार. हप्ते थांबवले असते तर अल् इत्तिहाद क्रेडिट ब्युरोत नाव माझं खराब झालं असतं, शोरूमचं नाही. म्हणून हप्ते चालू ठेवले.

आता प्रश्न एकच उरला : पैसे बँकेत पोचले होते का? पोचूनही नोंदले नसतील तर दोष बँकेचा. मग आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि तिथे दाद लागली नाही तर 'सनदक'. बँका आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी ही स्वतंत्र लोकपाल संस्था आहे. पोचलेच नसतील तर शोरूम, आणि त्यासाठी दुबईचा ग्राहक संरक्षण विभाग. कोर्ट सर्वात शेवटी, कारण तिथली भाषा अरबी. प्रत्येक कागदाचं अधिकृत भाषांतर करायचं म्हणजे पुन्हा खर्च.

बँकेकडून लिहून घेतलं, की रक्कम आलेली नाही. शोरूमकडे चेकचा नंबर मागितला, तो काही मिळाला नाही. निकाल तिथेच लागला! ग्राहक विभागाकडे तक्रार जाताच शोरूमने कर्ज फेडलं. माझ्या दोन हप्त्यांमुळे त्यांना तेवढी रक्कम कमी भरावी लागली होती. ते ३,७०० दिरहम पत्रव्यवहारानंतर परत आले. दंडाचे ६०० मात्र अजून येणे आहेत आणि तेवढ्यासाठी कोर्टात जावं का, यावर घरात एकमत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते खरंच. पण चढायची वेळ आलीच, तर जो जास्त मोठा किंवा ज्याचा राग जास्त आला, त्याच्यावर दावा लावू नये. वचनाखाली सही कुणाची आहे ते बघावं. आणि गाडीची किल्ली हातातून सोडण्यापूर्वी ती सही घेऊन ठेवावी!