निमंत्रणपत्राची भाषा

पिंपरीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तंत्रज्ञान परिषदेत चाकणच्या एका वाहन-कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना बीजभाषणासाठी बोलवायचे ठरले. पत्र मराठीत असावे ही प्राचार्यांची हौस. त्यामुळे मसुदा माझ्याकडे आला. (मराठीचा माणूस अशा ठिकाणी निमंत्रणापुरता आठवतो.)

नमुन्यादाखल जुनी पत्रे चाळली. प्रत्येकात 'आपल्या बहुमोल मार्गदर्शनाचा लाभ व्हावा' होतेच. मार्गदर्शन कशाबद्दल, हे एकातही नव्हते. खरे तर ती निमंत्रणे नव्हतीच, विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांसाठी केलेले सामुदायिक अर्ज होते. अर्जदार प्रश्न विचारत नाही. मग वक्त्यालाही उत्तर देण्याचे कारण उरत नाही.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. त्यात विनवणी नव्हती, जाब होता. मुलाखतीसाठी त्यांना बोलावले गेले ते याच पिंपरीत, आणि नोकरीही मिळाली. पोस्टकार्डावर विशेषणांना जागा नसते, हेही एक कारण असेल!

मी मसुद्यात एकच प्रश्न घातला: वेल्डिंग रोबोट करू लागल्यावर ते काम करणाऱ्या माणसांचे काय झाले, याविषयी आपण बोलाल का? समितीने ते वाक्य खोडून 'बहुमोल' परत आणले. पाहुणे आले, चाळीस मिनिटे इंग्रजीत बोलले. आभारप्रदर्शनापूर्वी मागच्या बाकावरून एका मुलीने नेमके तेच विचारले. तिचे वडील भोसरीत वेल्डर होते. संचालकांनी हातातला कागद मिटला आणि ते मराठीत बोलू लागले.