खारं पाणी, गोडं पाणी

श्रावणातला शेवटचा सोमवार. अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळाकडे निघालेल्या एका कावडीखालचा पोरगा पाहून मी थबकले. खांद्यावर बांबू, बांबूला पूर्णेच्या पाण्याचे भरणे, पाय अनवाणी. आणि तोंडात, दातांनी कोपरा फाडलेला, पाण्याचा पाऊच. चार घोटांत पाऊच रिकामा, की लगेच ‘हर्र बोला महादेव!’

पूर्णेकाठच्या गांधीग्रामहून अकोला सतरा-अठरा किलोमीटर. लोक रात्रीच नदीवर जातात, भरणे भरतात, पूजा होते आणि चालायला लागतात. मान पहिला राजराजेश्वराच्या पालखीचा. १९४४ साली पावसानं डोळे वटारले, तेव्हा काही तरुणांनी पूर्णेचं पाणी खांद्यावरून आणून पिंडीवर घातलं आणि पाऊस आला, असं अकोलेकर सांगतात. आता मंडळामंडळांत चढाओढ लागते, एकेका कावडीला शेकड्यानं भरणे असतात. असोत. मला आपली दोन भरण्यांची, एकट्याच्या खांद्यावरची कावड आवडते. तिच्यात पाणी हिंदकळतं तेवढं खांदाही हलतो. मोठ्या कावडीत नुसती गर्दी चालताना दिसते.

पण तो पाऊच काही डोक्यातून जाईना. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अमरावती-अकोला-बुलडाण्यात, खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कपाशी-तुरीची. विहिरीला पाणीही आहे, पण तोंडात धरवत नाही.

आजीचं गाव दर्यापूरकडे, ऐन खारपट्ट्यात. परसातली विहीर बारमाही भरलेली, आणि तरी घरात पाण्याची मारामार. त्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही, अंघोळ करून आलं की केस काथ्यासारखे. वापरायचं पाणी अंगणातल्या रांजणात, प्यायचं आत देवघराशेजारच्या माठात, आणि माठाला पोरांनी हात लावायची टाप नव्हती. एरवी चालून जायचं. खरी परीक्षा महालक्ष्म्यांच्या सणाला. ज्येष्ठेच्या दिवशी पुरण हवं, सोळा भाज्या हव्यात, आंबील तर हवीच हवी. खाऱ्या पाण्यात हरभऱ्याची डाळ तासन् तास रटरटते आणि दाताखाली टचटचीतच राहते. म्हणून दोन दिवस आधी काका बैलगाडीत ड्रम टाकून नदीकडे जायचा, रेतीत झिरा उकरायचा, वाटी-वाटीनं ड्रम भरायचा. गाडी दारात लागली की आजी पदरानं हात पुसत यायची, ओंजळीत पाणी घ्यायची, जिभेवर घोळवायची, वर आढ्याकडे बघायची. मान हलली की ड्रम उतरायचा. एका वर्षी मान हललीच नाही. काका वैतागून म्हणाला, ‘माय, देवीले काय समजते?’ आजी म्हणाली, ‘देवीले सारंच चालते रे. दायीले नाई चालत.’ गाडी परत गेली.

त्या वर्षी ज्येष्ठेच्या संध्याकाळी पाटावर बसलेल्या पितळी मुखवट्यांच्या ज्येष्ठा-कनिष्ठा, काजळ घातलेल्या, डोक्यावर फुलोरा टांगलेला. आणि आत चुलीशी आजी डाळीचा एकेक दाणा चिमटीत दाबून पाहत बसलेली. पूजा कुठली म्हणायची, बाहेरची की आतली, हे मला अजून ठरवता येत नाही. सोवळ्या-ओवळ्याचं आजीचं फार काही नव्हतं. गोड्या पाण्याचं मात्र कडक सोवळं. तीर्थाची पळी देतानाही हात आखडता.

पुढे शहानूर धरणाचं पाणी तिकडे नळानं आलं. नळ कधी येईल याचा भरवसा नसायचा, पण डाळ शिजू लागली.

आणि आंबील. ज्वारीची, ताकातली, आदल्या दिवशी करून ठेवलेली, आंबूस झालेली. अमरावतीची माझी जाऊ तिच्यात खोबऱ्याचे काप आणि चारोळ्या घालते, गरम गरम वाढते. तिच्या हाताला चव आहे, नाही असं नाही. पण आंबील थंडच खावी, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी, ओट्याशी उभ्या उभ्या.