मण्याचं वेज

मावशीची अकीकाची माळ दर दोन वर्षांनी तुटायची. गेल्या वेळी ती गाठवायला रविवार पेठेतल्या एका पटवेकऱ्याकडे नेली. त्याने एकेक मणी उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "दोऱ्याचा दोष नाही साहेब. वेज दोन्ही बाजूंनी पाडलंय, पण मधोमध नीट भेटलेलं नाही. तिथे कंगोरा राहिलाय, तोच दोरा कापतो." माळ पुडीत बांधताना वर सांगितलं, "दगड काय, ओढ्यातही सापडतो. मेहनत सगळी वेजाची."

वेज म्हणजे मण्याचं भोक. दागिन्यांच्या इतिहासावर हाती लागेल ते मी कॉलेजपासून वाचत आलो आहे, पण सोन्याची शुद्धता आणि रत्नांचे रंग यांच्या नादात भोकाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. महिन्याभरात मावशीची माळ खिशात घालून, हडप्पाकालीन मणी कारखाना जिथे सापडला त्या लोथलच्या रस्त्याला अहमदाबादहून लागलो.

लोथलला गाइडने मला थेट गोदीवर नेलं. सुमारे 218 मीटर लांब आणि 37 मीटर रुंद असा भाजक्या विटांचा हौद. तिथे त्याने 40 मिनिटं घेतली. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1955 पासून इथे उत्खनन केलं आणि ही गोदी असल्याचं सांगितलं. 1968 मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते हा पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा तलाव. गाइडला लेश्निक हे नाव उच्चारलेलंही खपलं नाही. मी लेश्निकांच्या बाजूचा नाही. इराणी आखाताच्या घडणीची मुद्रा लोथलला मिळाली आहे. ती तलावाच्या काठी कुणी हौसेने आणून ठेवली नसणार. पण या वादात दोन्ही पक्ष हौदाभोवतीच फिरत राहतात. बोटीत काय भरलं जात होतं, ते पलीकडच्या मणी कारखान्याच्या जोत्यावर दिसतं. तिथे रावांना शेकडो मणी मिळाले, त्यांतले कित्येक अर्धवट घडवलेले. त्या जोत्यापाशी गाइडने मला चार मिनिटं दिली.

असे लाल अकीक सिंधूकाठाहून थेट इराकमध्ये पोचले. लेनर्ड वुली यांनी 1920 च्या दशकात ऊर इथल्या राजस्मशानात राणी पुआबीची कबर उघडली, तेव्हा तिच्या अंगावर सोनं, अफगाणिस्तानच्या बदख्शानातला निळा लाजवर्द आणि लाल अकीक असं सगळं एकत्र होतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं लेणं! ऊरमधल्या लांब अकीक-मण्यांची घडण सिंधूकाठची आहे. पुढे अक्कडचा राजा सार्गोन, मेलुह्हाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, अशी बढाई मारतो. मेलुह्हा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधूचा प्रदेश. यात आपणही आहोत, बरं का. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला गाड्या भरभरून दगड जात, असं नोंदवलंय. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतला अकीकही मुळात दख्खनच्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत जमलेला, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ.

संध्याकाळी खंभातला पोचलो. जुन्या मराठी कागदांतलं हे खंबायत. बंदर कधीच गाळाने भरलंय. लॉजवाल्याने 'सी व्ह्यू' म्हणून दिलेल्या खोलीतून पाण्याची टाकी दिसत होती, आणि नळाला तिच्यातलंसुद्धा पाणी नव्हतं. सकाळी रिक्षावाल्याच्या आग्रहाखातर 1325 ची जामा मशीद दहा मिनिटांत पाहिली. देखणी आहे. सुतरफेणी खाल्ली आणि एका गल्लीतल्या मण्यांच्या कारखान्यात शिरलो.

कारखाना म्हणजे ओटी. एका कोपऱ्यात जमिनीत रोवलेला लोखंडी खिळा. दगड त्याला टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकायचा, की कपची उडते. त्याआधी दगड उन्हात वाळवून, मडक्यात घालून शेण्यांच्या मंद आचेवर भाजतात. कच्चा दगड पिवळसर तपकिरी असतो. आतलं लोखंड तापलं की तो लाल होतो.

वेज पाडणारे काका सत्तरीचे. मणी लाकडी चापात घट्ट, वरून पाण्याची धार, आणि आपल्याकडे सुतार वापरत तसला दोरीचा सामता. टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण. छोट्या मण्याला एका बाजूने पार व्हायला माझा चहाही संपावा लागला नाही.

जोनाथन मार्क केनॉयर, मॅसिमो विदाले आणि कुलदीप भान हे पुरातत्त्वज्ञ खंभातच्या याच कारागिरांकडून हडप्पाचं काम समजून घेत होते. हडप्पाकाळी हिऱ्याचं टोक नव्हतं. ते लोक एका कठीण दगडाची टोकं वापरत. चन्हुदडो खणणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्या दगडाला आज 'अर्नेस्टाइट' म्हणतात. त्याने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडतं. कराचीजवळ अल्लाहदिनो इथे 36 लांब मण्यांचा कंबरपट्टा मिळाला. तो एका माणसाचं सुमारे 480 दिवसांचं काम, असा केनॉयर यांचा हिशेब आहे.

काका मधूनच खोकत होते. मी पाहिलं तसं म्हणाले, "हे भोकाचं नाही भाई, घासण्याचं. धूळ." अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. शेजारच्या ओटीवर एक पोरगा चाकावर मणी घासत होता, तोंडाला ओढणी बांधून.

त्या दुपारी रतनपूरला जायचं ठरलं होतं. मणीकारांचा पीर मानलेल्या हबशी बावा गोरचा दर्गा तिथे टेकडीवर आहे. गेलोच नाही. काकांसमोर मावशीची माळ सोडून ठेवली. त्यांनी प्रत्येक मणी चापात धरून आतला कंगोरा घासून काढायला घेतला. सतरा मणी सुरळीत झाले. अठरावा टचकन मधून फुटला.

काकांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले आणि मला जवळ बोलावलं. दोन बाजूंनी आलेल्या दोन वाटा, एकमेकींना केसभर चुकलेल्या, दगडात उघड्या पडल्या होत्या. "पाहा," ते म्हणाले, "हा डाव्या हाताचा होता." शंभर-एक वर्षांपूर्वीचा तो कारागीर डावखुरा होता हे त्यांना कशावरून कळलं, ते मी तीनदा विचारलं. ते हसले आणि एकोणिसावा मणी चापात धरला.

घरी आल्यावर मावशीने माळ हातात घेतली, गळ्यात न घालता आधी मणी मोजले आणि म्हणाली, "एक कमी आहे."